फरशी कोण धरून ठेवतं?

रेडिओ ऐकत बसल्या असाल तर आधी एक काम करा. हातात एक नाणं घ्या आणि जवळच्या फरशीवर चार-पाच जागी हलकेच ठोकून बघा. कुठं आवाज भरीव येईल. कुठं पोकळ येईल, रिकाम्या डब्यावर ठोकल्यासारखा. जिथं पोकळ आवाज आला, तिथं फरशीखाली हवा आहे. वरून घर चकाचक दिसत असलं, तरी त्या जागी फरशीला कुणी धरलेलं नाही.

फरशी कोण धरून ठेवतं, हाच आजचा विषय. मला तो सुचला आमच्या मोरीमुळं. चाकणजवळच्या आमच्या घराची काही वर्षांपूर्वी डागडुजी केली. गटातून कर्ज उचललं आणि मोरीच्या भिंतींना मोठ्या, चकचकीत टाइल्स बसवल्या. दीड वर्षानं एका रात्री धाडकन आवाज झाला. सून रोज सकाळी जिथं नातवाला अंघोळ घालते, त्याच कोपऱ्यातल्या तीन टाइल्स खाली पडून फुटल्या होत्या. रात्रीची वेळ होती म्हणून निभावलं. कर्जाचे हप्ते मात्र अजून आठ राहिले होते.

पडलेला एक तुकडा मी उचलून पाहिला. त्याची मागची बाजू दुकानातून आणली तशी कोरी होती. भिंतीवर मसाल्याचे पाच गोळे होते, चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक. मिस्त्रींना बोलावलं. ते म्हणाले, "वहिनी, मी वीस वर्षं असंच काम करतोय. आजवर कुणाची पडली नाही." ते खोटं बोलत नव्हते. पण त्या वीस वर्षांत टाइल बदलली होती आणि मसाला तोच राहिला होता.

त्याच आठवड्यात माझी भाची आली होती. ती चाकणच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात गाड्यांच्या पुढच्या काचा बसवण्याच्या लाइनवर आहे. भिंतीवरचे ते पाच गोळे पाहून ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडं काच बसवायच्या आधी कडा पुसून घेतात, प्रायमर लावतात, मग सीलंटची सलग वळी चारही बाजूंनी फिरवतात आणि ठरलेल्या वेळात काच दाबून बसवतात. असे ठिपके देऊन बसवली, तर ती गाडी पुढंच जाणार नाही."

मला वाटलं, कारखान्याच्या गेटच्या आत जे शहाणपण रोज वापरलं जातं, ते गेटच्या बाहेर आमच्या मोरीपर्यंत का पोचलं नाही? त्याचं उत्तर शोधत मी मागं मागं गेले. ती गोष्ट आज सांगते.

सुरुवात आपल्याच हातांपासून होते. आपल्या पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथं डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून १९८३ पर्यंत उत्खनन केलं. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं तिथं सापडली. त्या घरांची जमीन माती चोपून केलेली होती, आणि धान्य साठवायच्या पेवांना चुन्याचा लेप होता. म्हणजे चालायची जागा वेगळी, धान्य ठेवायची जागा वेगळी, तर लेपही वेगळा. जागा बघून लेप निवडायचा हे तेव्हाही कळत होतं.

मातीची भुई कशी करतात, हे आपल्यातल्या थोरल्या बायकांना सांगायला नको. माती चाळायची, भिजवायची, अंथरायची, धुम्मसनं ठोकायची, वरून शेणानं सारवायचं. माझ्या सासूबाई मातीत भुसा घालायच्या. भुशानं माती तडकत नाही, एवढंच त्या सांगायच्या. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखाली जो मातीचा गिलावा आहे, त्यातही भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू आहेत. वाळताना माती आकसते, आणि तंतू तिला बांधून ठेवतात. सासूबाई लेणी बघायला कधी गेल्या नाहीत, पण कारागिरांचं ते गमक त्यांच्या हातात होतं. भुई कुठं उखणली, तर त्यांना पायालाच कळायचं. लगेच मूठभर माती कालवून त्या ती जागा भरून काढायच्या. भुई करणारी तीच आणि दुरुस्त करणारीही तीच.

वाडे, देवळं आणि किल्ले यांच्या दगड-विटांना धरून ठेवत होता चुना. भट्टीत चुनखडी भाजायची, ती पाण्यात विरवायची, मग वाळू घालून बैलाच्या घाण्यावर मळायची. दगडी चर आणि त्यात फिरणारं जड चाक असा तो घाणा आजही बऱ्याच गडांवर पाहायला मिळतो. चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी असे पदार्थ घालायची रीत होती. चुना हवेतला वायू शोषून सावकाश कडक होतो. सावकाश होतो म्हणून भिंतीच्या लहानसहान हालचाली तो सोसतो. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो.

मग आली शहाबादी. शहाबाद हे गाव आजच्या कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात आहे. तिथल्या खाणीत चुनखडीचा दगड थराथरानं निघतो, म्हणून त्याच्या लाद्या सहज होतात. रेल्वेनं हा दगड महाराष्ट्रभर पोचवला. शहाबादीची पाठ खडबडीत असते. खाली चुन्याचा, पुढं सिमेंटचा जाड थर टाकायचा, लादी ठोकून बसवायची आणि दर्जा भरायच्या. थर जाड, पाठ खरबरीत, म्हणून पकड पक्की.

सिमेंटची गोष्टही थोडी ऐका. इंग्लंडमधल्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्यानं १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचा हक्क नोंदवला. आपल्याकडं १९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंटचा कारखाना चालू झाला. १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा यांनी स्वदेशीच्या भावनेनं भारत टाइल्स सुरू केली, आणि दाबून केलेल्या रंगीत सिमेंटच्या फरश्या आपल्याच देशात तयार होऊ लागल्या. जुन्या घरांत नक्षीची किंवा दगडी कणांची मोझेक फरशी तुम्ही पाहिली असेल. ती फरशी सिमेंटचीच, आणि खालचा मसालाही सिमेंटचा. एकमेकांचं पाणी ओढून घेऊन ते एकजीव होत.

आता आपल्या पट्ट्यात या. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये राज्यानं औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, स्थापन केली. साठच्या दशकात टेल्को आली, मग कारखान्यांमागून कारखाने आणि कामगारांच्या वसाहती आल्या. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका झाली. पुढं हा पट्टा चाकणपर्यंत सरकला. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, आणखीही मोठे कारखाने आले. शेतजमिनी गेल्या, पैसा आला, भाडेकरू आले, खोल्यांवर खोल्या चढल्या. या साऱ्या घरांत आधी शहाबादी होती, मग मोझेक आलं, मग भिंतीला लहान सिरॅमिक टाइल्स आल्या. नव्वदच्या दशकानंतर व्हिट्रिफाइड टाइल आली. गुजरातेतल्या मोरबीहून तिचे ट्रकच्या ट्रक येऊ लागले.

इथंच गोष्ट बदलली. व्हिट्रिफाइड टाइल फार मोठ्या उष्णतेत भाजलेली असते. ती जवळजवळ काचेसारखी होते. शंभर ग्रॅमची टाइल अर्धा ग्रॅमसुद्धा पाणी पीत नाही. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल दहा ग्रॅमपेक्षा जास्त पिते. सिमेंटचं दूध टाइलच्या बारीक छिद्रांत शिरतं आणि तिथं घट्ट होऊन तिला धरतं. जिथं छिद्रंच नाहीत, तिथं ते शिरणार कुठं? आपण गव्हाची कणीक गार पाण्यात मळतो. ज्वारीचं पीठ तसंच मळलं, तर भाकरी थापताना चिरते. म्हणून त्याला गरम पाणी घालतो. पीठ बदललं की हाताची रीत बदलते. टाइल बदलली तेव्हा मसाल्याची रीत बदलायला हवी होती, आणि आमच्या मोरीत ती बदलली नव्हती.

ती नवी रीत जगात आधीच सापडली होती. अमेरिकेत हेन्री रॉथबर्ग या रसायन जाणणाऱ्या माणसानं सिमेंटमध्ये रबराच्या चिकासारखं द्रव्य मिसळून पातळ थरात टाइल धरणारा मसाला केला. १९५६ मध्ये त्यानं आणि त्याची पत्नी लिलियन यांनी मिळून लॅटिक्रीट ही कंपनी सुरू केली. पुढच्याच वर्षी जर्मनीतल्या वाकर कंपनीनं असा चीक वाळवून त्याची पूड केली. पाणी घातलं की ती पूड पुन्हा चीक होते. सुताराचा पांढरा डिंक ज्या घराण्यातला, त्याच घराण्यातली ही पूड आहे. म्हणूनच आज सिमेंट, बारीक वाळू आणि चिकाची पूड एकाच पिशवीत येते. चौथी वस्तू असते लाकडाच्या किंवा कापसाच्या तंतूंपासून केलेली एक पूड, जी पाणी धरून ठेवते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी मिळून घट्ट होतं. थर पातळ असला आणि भिंतीनं पाणी ओढून घेतलं, तर सिमेंट उपाशी राहतं. ही पूड ते पाणी टिकवते. सासूबाईंच्या मातीत भुसा जसा बांधून ठेवायचं काम करायचा, तसा या मसाल्यात चीक सिमेंटला टाइलशी बांधून ठेवतो.

यालाच आपल्याकडं सरसकट "केमिकल" म्हणतात. "केमिकल लावायचं की सिमेंट?" असं मिस्त्री विचारतात, आणि केमिकल महाग म्हणून आपण सिमेंट म्हणतो. पण केमिकल एक नाही. भारतीय मानक संस्थेनं टाइलच्या चिकटवणीसाठी २००४ मध्ये मानक केलं आणि २०१९ मध्ये ते सुधारलं. त्याचा क्रमांक आयएस १५४७७. त्यात चिकटवणीचे पाच प्रकार आहेत. प्रकार एक साध्या सिरॅमिक टाइलसाठी, घराच्या आतल्या फरशीला. व्हिट्रिफाइडसाठी निदान प्रकार दोन मागा. खूप मोठी टाइल, बाहेरची भिंत, उन्हाची गच्ची किंवा जुन्या टाइलवर नवी टाइल, असं काही असेल तर त्याहून वरचा प्रकार लागतो. कोणत्या जागेला आणि कोणत्या टाइलला चालेल, हे पिशवीवर लिहिलेलं असतं. दुकानात नाव विचारण्याआधी प्रकार विचारा. बनवल्याची तारीख बघा. पिशवी दगडासारखी कडक लागली तर घेऊ नका. फिकट रंगाच्या संगमरवराला पांढरी चिकटवणी घ्या, नाहीतर राखाडी रंग वर दिसतो.

आता वापर. पातळ थर चालतो म्हणून भिंत सरळ हवी. ओळंबा लावून गिलावा आधी सारखा करून घ्या. चुन्याची सफेदी, रंग, तेल, धूळ खरवडून काढा, कारण चिकटवणी ज्याला लागते त्यालाच धरते. रंगाला लागली तर रंगासकट सुटते. बादलीत आधी पाणी, मग पूड. पाण्याचं माप पिशवीवर दिलेलं असतं, ते मापानंच घ्या. कालवून दहा मिनिटं ठेवा, कणीक मुरते तसं तेही मुरतं, मग पुन्हा ढवळा. घट्ट व्हायला लागलं की पाणी घालून सैल करू नका. त्यात वरून सिमेंट-वाळू घालून पुरवठ्याला आणणं म्हणजे दुधात पाणी घालण्यासारखं आहे.

पसरायला दातेरी थापी लागते. तिनं एकाच दिशेनं सरळ रेघा ओढायच्या आणि टाइल दाबून किंचित सरकवायची, म्हणजे रेघा मोडून खालची हवा बाहेर जाते. मोठ्या टाइलच्या पाठीलाही पातळ हात द्यायचा. अधूनमधून एक ताजी टाइल उचलून पाठ बघायची. मोरीत जवळजवळ सगळी पाठ भरलेली हवी. भिंतीवर पसरलेल्या मसाल्याला बोट लावल्यावर तो बोटाला चिकटत नसेल, तर वरून साय धरली आहे. तो खरवडून टाका. उन्हाळ्यात साय लवकर धरते, म्हणून एका वेळी थोडीच भिंत घ्या. या चिकटवणीत टाइल पाण्यात भिजवायची नसते. भिजवायची ती सिरॅमिक टाइल, तीही साध्या सिमेंटमध्ये बसवताना. सपाट भिंतीवर तीन मिलिमीटरचा थर दिला, तर वीस किलोच्या पिशवीत साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न चौरस फूट होतं. हा हिशेब घरीच करून जा.

सांध्यांचं काय? हल्ली टाइलला टाइल भिडवून, मध्ये कागद जाईल एवढीच जागा ठेवायची हौस आहे. पण उन्हानं टाइल फुगते. तिला हलायला जागा नसेल तर मे महिन्यात एखाद्या दुपारी दोन टाइल्स तंबूसारख्या उठतात. म्हणून स्पेसर लावून दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ग्राउट भरा. ओट्याजवळ तेल-हळदीचा हात लागतो, तिथं इपॉक्सी ग्राउट टिकतं. ते महाग आहे, पण डाग धरत नाही. इपॉक्सी १९४६ पासून ॲरल्डाइट या नावानं बाजारात आलं, हे नाव तुमच्या ओळखीचं असेल.

जिथं भिंत आणि जमीन भेटते, दोन भिंती भेटतात, बेसिन भिंतीला टेकतं, त्या कोपऱ्यांत कडक ग्राउट भरू नका. दोन्ही बाजू वेगवेगळ्या हलतात, म्हणून तिथं मऊ सिलिकॉन हवं. तेही कोरड्या, स्वच्छ फटीतच. ओल्या फटीत भरलं तर महिन्याभरात सालासारखं निघतं. आंबट वासाचं सिलिकॉन संगमरवराला लावू नका, त्यासाठी न्यूट्रल म्हणून मिळतं ते मागा. आणि लक्षात ठेवा, चिकटवणी, ग्राउट, सिलिकॉन यांपैकी कशानंही भिंत पाण्यापासून पूर्ण वाचत नाही. मोरीत टाइलच्या आधीच वॉटरप्रूफिंगचा थर द्यावा लागतो, आणि पाणी जाळीकडं वाहील असा उतारही.

एक गोष्ट आपल्या अंगाची. या पट्ट्यातल्या बांधकामांवर घमेली उचलणाऱ्या, मसाला कालवणाऱ्या कितीतरी बायका आपल्याच आहेत. सिमेंट आणि ही चिकटवणी ओली असताना कातडी जाळते. हातमोजे मागा. पूड ओतताना तोंड-नाक बांधा. टाइल कापताना पाणी सोडूनच कापायला सांगा, कारण ती कोरडी धूळ फुप्फुसात बसली की निघत नाही. मागायला लाजू नका.

आमची मोरी पुन्हा झाली. मिस्त्री तेच होते. या वेळी भाचीनं त्यांना पिशवीवरचं वाचून दाखवलं, आणि मी पाण्याचं माप धरून उभी राहिले. ते आधी हसले. तिसऱ्या टाइलला त्यांनी स्वतःच ती उचलून पाठ दाखवली, "बघा वहिनी, भरली." आता ते दुसऱ्यांच्या घरीही दातेरी थापी घेऊन जातात.

सासूबाईंच्या काळी भुईचं ज्ञान घरातल्या बाईच्या हातात होतं. मग भुई गेली, फरशी आली, आणि ते ज्ञान पहिल्यांदा मिस्त्रींच्या हातात, नंतर पिशवीवरच्या बारीक अक्षरात गेलं. पैसे आपण भरतो, फरशी आपण पुसतो, लेकरं आपण तिथं खेळवतो. मग ती अक्षरंही आपण वाचायला हवीत. गटातून घरासाठी कर्ज देताना एक बैठक याच विषयावर घ्या. एक रिकामी पिशवी आणा आणि सगळ्या मिळून मोठ्यानं वाचा.

आणि सुरुवातीला नाणं ठोकून पाहिलं असेल, तर पोकळ जागेवर खडूनं फुली मारून ठेवा. जमिनीवरची असेल तर तिथं जड पिंप ठेवू नका. भिंतीवरची असेल तर तिच्याखाली लेकराला बसवू नका. आणि मिस्त्रींना बोलावताना फुली दाखवून विचारा, "हिला धरलंय कुणी?"